नाचणगावची बिनखिळ्याची गाडी

गेल्या दिवाळीच्या आधी पुण्यातल्या एका हस्तकलेच्या प्रदर्शनात मी एक लाकडी छकडा विकत घेतला. वीतभर लांब, दोन चाकं, प्रत्येक चाकाला आठ आरे, पुढे दांडी आणि जू. घरी आणल्यावर सवयीने उलटा करून पाहिला, तर त्यात लोखंड कुठेच नव्हतं. खिळा नाही, स्क्रू नाही, तारेचा तुकडासुद्धा नाही. चाक आसावरून निसटू नये म्हणून टोकाला एक लाकडी खुंटी ठोकलेली होती, बस्स. तरी चाक हलकं फिरत होतं आणि डगमगत नव्हतं. खालच्या फळीवर पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता : नाचणगाव.

नकाशात पाहिलं. वर्धा जिल्हा, देवळी तालुका, पुलगावला अगदी लागून. ऑगस्टमध्ये माझी चार दिवसांची रजा शिल्लक होती आणि नवऱ्याला दरवर्षीप्रमाणे कोकणातच जायचं होतं. मी म्हटलं, तू जा, मी यंदा वर्ध्याला जाते. ऑफिसात सगळे विचारायचे, वर्ध्याला काय आहे? सेवाग्राम म्हटलं की त्यांचं समाधान व्हायचं, म्हणून मी तेच सांगत गेले.

पुण्याहून संध्याकाळी निघणारी गाडी सकाळी वर्ध्याला सोडते. मी सिंदी मेघेत एका घराच्या माडीवर खोली घेतली होती, नाश्त्यासह दिवसाचे हजार रुपये. स्वच्छ खोली, मोठी खिडकी, गरम पाणी मागितल्यावर मिळतं. वर्ध्यात शहराच्या मधोमध राहण्यापेक्षा हे बरं, कारण देवळीकडे आणि आर्वीकडे निघायला गर्दीत अडकावं लागत नाही. घरमालकांनीच विलास नावाचा ड्रायव्हर गाठून दिला. डिझेलसह दिवसाचे बावीसशे. विलास मोजकं बोलणारा, पण खाण्याच्या बाबतीत ठाम. "पह्यले तर्रीपोहे," तो म्हणाला, "मंग नाचनगाव." पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात, वरून कच्चा कांदा. सकाळी साडेआठला डोळ्यांतून पाणी काढणारा नाश्ता तीस रुपयांत. ज्यांना तिखट चालत नाही त्यांनी तर्री वेगळी मागावी.

देवळीपर्यंत रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे, पुढे पुलगावकडे वळल्यावर थोडा अरुंद होतो. पाऊण तास पुरतो. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याएवढी झालेली, मध्ये तुरीच्या ओळी, सोयाबीन दाट. पोळ्याला दोन आठवडे होते, त्यामुळे वाटेतल्या दुकानांत बैलांच्या माळा, घुंगरं, रंगीत दोर लटकायला लागले होते.

नाचणगावात पानठेल्यावर पत्ता विचारला. "गाडीवाले सुतार कुठे राहतात?"

"मोठ्या गाडीवाले का लहान गाडीवाले?" ठेलेवाल्याने विचारलं. मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "मोठी गाडी आता कोन बनवते म्हना. एकच घर हाय ते. सरळ जा, भुशाचा वास आला का थांबजा."

वास खरंच आला. पुढे ओसरी, मागे पत्र्याची लांब शेड. शेडमध्ये पन्नाशीचे दिवाकरजी रंधा मारत होते. त्यांच्या पत्नी रेखाताई खाली बसून चाकांना गेरूचा रंग देत होत्या. ओसरीवर खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ रस्त्याकडे तोंड करून बसले होते. ते दिवाकरजींचे वडील, गणपतजी. वय ऐंशीच्या आसपास, पाठ ताठ, हात मांडीवर रिकामे.

"पुण्याहून गाडी पाहाले आल्या तुमी?" दिवाकरजींनी विचारलं. "एवढ्या दुरून? काऊन?"

"त्यात लोखंड का नाही, ते विचारायला."

ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी नुसतं ओसरीकडे पाहिलं. "ते बाबाले विचारा," ते म्हणाले आणि पुन्हा रंध्याला लागले.

मी ओसरीवर जाऊन बसले. रेखाताईंनी चहा आणून दिला. गणपतजींनी आधी माझी चौकशी केली. मी एका सायकलीच्या कारखान्यात काम करते, तयार झालेला माल तपासून तो बाहेर जाऊ द्यायचा की नाही हे ठरवते, असं सांगितल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"म्हंजे नाई म्हनाचा अधिकार हाय तुमाले?"

"आहे."

"वापरता?"

"वापरते. कधीकधी."

मग ते सांगू लागले. त्यांचे वडील तुकारामजी मोठ्या बैलगाड्या बनवत. आसपासच्या गावांत लग्नाचं वऱ्हाड ज्या हलक्या दमणीतून जायचं, त्यातल्या बऱ्याच त्यांच्या हातच्या. बाभळीचा तुंबा म्हणजे चाकाचा मधला गाभा, धावड्याचा आस, आणि चाकावर लोखंडाची धाव चढवायची तर गावातली माणसं पाहायला जमायची. पुढे रबरी टायरच्या लोखंडी गाड्या आल्या आणि दोन-तीन वर्षांत काम निम्म्यावर आलं. तेव्हा गणपतजी दहाएक वर्षांचे होते आणि त्यांची बहीण गिरजा सहाची.

इथे जे विदर्भाबाहेरून वाचत असतील त्यांच्यासाठी : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे तान्हा पोळा असतो, म्हणजे लहान मुलांचा. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून मुलं ते दोरीने ओढत घरोघर नेतात आणि लोक त्यांच्या हातावर पैसे किंवा खाऊ ठेवतात. त्याला बोजारा म्हणतात.

"गिरजा रडे," गणपतजी म्हणाले. "बैल पोट्ट्यायले भेटे. पोरीले कोन देते? बाबानं मंग मोडक्या दमनीच्या लाकडाची लहान गाडी केली तिच्यासाठी. हुबेहूब. तिनं ती गावभर फिरवली. बैलवाले पोट्टे तिच्या मांगं मांगं. दुसऱ्या वर्सी सात जनायनं सांगतलं, आमच्या घरी बी पाह्यजे."

हा धंदा असा सुरू झाला. तुकारामजींनी मोठ्या गाडीचंच माप लहान केलं होतं, म्हणून खेळण्याचं चाकही खऱ्या चाकासारखं आरे आणि तुंबा जोडून व्हायचं. त्यांच्यानंतर गणपतजींनी ते पुलगाव, आर्वी, देवळीच्या बाजारात नेलं. एका वर्षी मागणी इतकी आली की खुंट्या तासायला वेळ पुरेना. चाकाच्या दोन खुंट्या तासायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात खिळ्यांनी तीन गाड्या तयार होतात. त्यांनी त्या वर्षी आसाच्या टोकाला खिळा मारला आणि टोक वाकवून दिलं.

"वाकवलेला खिळा सरळ होते," ते म्हणाले. "मले मालूम होतं. मी सुतार हावो. मले मालूम नसन तर कोनाले?"

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आर्वीजवळच्या एका खेड्यात पाच वर्षांचा मुलगा गाडी ओढत पळत होता. दोरी पायात आली, तो अडखळला. गाडी उलटली आणि तो तिच्यावर पडला. सरळ झालेल्या खिळ्याने डावा डोळा गेला.

गणपतजींना हे चार दिवसांनी बाजारात कळलं. ते सायकलने त्या घरी गेले. मुलाच्या आईने त्यांना अंगणात येऊ दिलं नाही. ती गाडी तिने रस्त्यावर त्यांच्या पायाशी आणून टाकली. ते ती उचलून घरी आले, शेडला कुलूप लावलं, आणि दुसऱ्या दिवशी एका पिशवीत पक्कड, हातोडी आणि धावड्याच्या खुंट्या घेऊन निघाले.

"कुठे?"

"गाड्या पाहाले. त्या वर्सीच्या."

कोणाला विकल्या याची यादी नव्हती. ते गावोगावी शाळेच्या फाटकाशी उभे राहायचे आणि मुलांना विचारायचे, तुझ्याकडे छकडा आहे का? मग त्या मुलासोबत त्याच्या घरी. अंगणात बसून खिळे उपटायचे, खुंट्या ठोकायच्या, गाडी परत द्यायची. कुठे लोकांनी चहा दिला, कुठे वेड्यात काढलं. गाडी घ्यायला आला असं समजून मुलं ती कोठीत लपवायची. दिवाळीपर्यंत ते हिंडत होते. किती गाड्या केल्या होत्या ते चाकांच्या हिशेबाने त्यांना पाठ होतं. दोन सापडल्या नाहीत.

"अजून?"

"अजून," ते म्हणाले. "लाकूड टिकते न जी."

दोन वर्षं त्यांनी खेळणं केलं नाही. दारं-खिडक्या केल्या. नंतर पुन्हा सुरू केलं, ते लोखंड न वापरता.

मी वहीत काही लिहून घेतलं नाही. त्या दिवशी पुलगावात जेवलो, पातोडीचा म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा आणि भाकरी, ऐंशी रुपये थाळी. संध्याकाळी मी सिंदी मेघेला परतले.

दुसऱ्या दिवशी काम पाहायला म्हणून पुन्हा गेले. हे ज्यांना पाहायचं असेल त्यांनी पोळ्याआधीच जावं, एरवी शेडमध्ये चौरंग आणि देव्हारे चालू असतात. सगळ्यात अवघड काम तुंब्याला आठ समान भोकं पाडण्याचं. दिवाकरजी ते पट्टीशिवाय, नजरेने करतात. मी नंतर मोजून पाहिलं. फरक कागदाच्या जाडीएवढा.

दुपारी ते मला शेडच्या टोकाला घेऊन गेले आणि एका गोणपाटाखालून एक गाडी काढली. तशीच, पण आसाच्या टोकाला पितळी रंगाचा स्क्रू.

"नागपूरचा एक व्यापारी हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "दिवाळीच्या भेटीसाठी गाड्या मांगून राह्यला. आमच्या तीन वर्सांचं काम एका झटक्यात. पन खुंटीवाली त्याले वेळेत भेटत नाई. हा नमुना केला. बाबानं पाह्यला त्या दिसापासून ते शेडमंदी पाय टाकत नाई. भांडले असते तरी चाललं असतं. बोलतच नाई." त्यांनी गाडी माझ्या हातात दिली. "तुमी तपासनी करता. तुमीच सांगा, याच्यात काय बिघडते?"

आता इथे मी काय केलं ते सरळ लिहिते. मी ती गाडी तपासली, जशी कारखान्यात तपासली असती तशी. स्क्रूचं डोकं लाकडात पूर्ण बुडालेलं होतं, बोट फिरवलं तर लागत नव्हतं. टोक आसाच्या आतच संपत होतं. पकडीने ओढून पाहिलं, हललं नाही. दोनदा जमिनीवर आपटली.

"काही बिघडत नाही," मी म्हणाले. "हे सुरक्षित आहे. खरं सांगायचं तर खुंटीपेक्षा जास्त. उन्हाळ्यात लाकूड आकसलं तर खुंटी सैल होऊन निघू शकते. हा निघणार नाही."

शेडचं दार उघडं होतं. मी वळले तेव्हा गणपतजी ओसरीच्या टोकाला उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते खुर्चीवर जाऊन बसले. रेखाताईंचा ब्रश थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला. मला माझं उत्तर बदलावंसं वाटलं नाही, पण ते मी दार लावून द्यायला हवं होतं.

निघताना गणपतजींनी मला थांबवलं.

"ताई, उद्या तुमी कुठी जानार?"

"सेवाग्रामला."

"गाडी हाय तुमच्यापाशी. मले कारंज्याले नेता काय?"

"कारंजा घाडगे? तिथे कोण आहे?"

"तो पोट्टा," ते म्हणाले. "आता मोठा झाला. हायवेवर हॉटेल हाय त्याचं."

दिवाकरजी मागे उभे होते. त्यांना हे ठाऊकच नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "बाबा, तुमाले मालूम होतं तो कुठी हाय?"

"लोकं सांगतात."

"मी बी येतो," दिवाकरजी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आठला आम्ही नाचणगावहून निघालो. गणपतजींनी धुतलेलं धोतर आणि टोपी घातली होती, मांडीवर कापडी पिशवीत एक छकडा होता. दिवाकरजींनीही एक पिशवी घेतली होती. त्यात स्क्रूचा नमुना होता, तळेगावला व्यापाऱ्याचा माणूस येणार होता, त्याला तो दाखवायचा होता. हे त्यांनी मला गाडीत बसण्याआधी सांगितलं. वडिलांनी पिशवी पाहिली आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

पुलगाव ते आर्वी हा रस्ता मध्ये मध्ये खराब आहे, तास धरून चालावं. आर्वीत चहा प्यायलो. पुढे तळेगावला नागपूर–अमरावती हायवे लागतो आणि तिथून कारंजा वीस-पंचवीस मिनिटं. ट्रक, संत्र्यांच्या बागा, ढाबे. कारंज्यात शिरल्यावर गणपतजींनी विलासला अचूक सांगितलं, "त्या बसस्टॉपच्या समोर. निळ्या पत्र्याचं."

हॉटेल साधं होतं, चार बाकडी, पुढे मोठी कढई. कढईपाशी पन्नाशीचा, दणकट बांध्याचा माणूस आलूबोंडे काढत होता. डावी पापणी मिटलेली, आत बसलेली. त्याचं नाव मोरेश्वर.

"किती प्लेट?" त्याने विचारलं.

गणपतजी पिशवी दोन्ही हातांनी धरून उभे होते. "मोरेश्वर तुमीच का?"

"हाव."

"मी नाचनगावचा," ते म्हणाले. मग थांबले. "गाडीवाला."

मोरेश्वरने झारा कढईच्या काठावर ठेवला आणि गॅस बंद केला.

"माय गेली माझी," तो म्हणाला. "तीन वर्सं झाले. ते असती तर तुमाले इथं उभं नसतं राहू देल्लं."

"मालूम हाय."

"दर तान्ह्या पोळ्याले शिव्या द्यायची तुमाले. नाव मालूम नवतं तिले. मुडदा गाडीवाला म्हने."

दिवाकरजी पुढे सरकले. गणपतजींनी हाताने त्यांना मागेच थांबवलं.

"मले पोलिसात जायचं होतं," मोरेश्वर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, तो जणू बिल सांगत होता. "पळाले चांगला होतो. उंची बसली, छाती बसली. डोळ्यावर काढलं."

"हाव."

"मंग इतके वर्सं काऊन नाई आले?"

"आलतो," गणपतजी म्हणाले. "चारदा आलतो. त्या बसस्टॉपवर बसलो. तुमी कढईपाशी दिसे. मंग पुढची बस आली का वापस गेलतो."

मोरेश्वरने रस्त्यापलीकडच्या बसस्टॉपकडे पाहिलं. तिथे एक बाई टोपली घेऊन बसली होती. त्याने पुन्हा गणपतजींकडे पाहिलं, आणि मग जरा चिडूनच म्हणाला, "बसा न मंग. उभे काऊन राह्यले?"

आम्ही बसलो. त्याने गॅस पुन्हा पेटवला, आलूबोंडे तळून संपवले, आणि पाच प्लेटा आणल्या. पाचवी त्याची स्वतःची. आलूबोंडा रस्स्यात बुडवून देतात, वर शेव आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. सगळे खाली मान घालून खात होतो. गणपतजींना जेमतेम अर्धा गेला.

मग त्यांनी पिशवीतून छकडा काढून टेबलावर ठेवला. मोरेश्वरने हात पुसले. गाडी उचलून त्याने चेहऱ्याजवळ नेली, उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ, आणि चाक फिरवलं. मग आसाच्या टोकावरून अंगठा फिरवला. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"खिळा कुठी हाय?"

"नाई. घालत नाई."

"कवापासून?"

"तुमचा डोळा गेला तवापासून."

मोरेश्वरने गाडी खाली ठेवली नाही. तो ती हातात उलटीसुलटी करत राहिला. शेवटी म्हणाला, "एकच आनली?"

गणपतजींना कळलं नाही.

"लेकीचे दोन पोट्टे हाय घरी," मोरेश्वर म्हणाला. "एक घेऊन गेलो तर डोके फोडतीन एकमेकायचे. अजून एक पाह्यजे."

दिवाकरजींचा हात त्यांच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे गेला. मी पाहत होते, गणपतजीही पाहत होते. पिशवीत दुसरी गाडी होती, पूर्ण तयार, रंगवलेली, आणि मी स्वतः तपासून सुरक्षित ठरवलेली. दिवाकरजींनी पिशवीचं तोंड उघडलं. मग ते पुन्हा मिटलं.

"दुसरी करून पाठवतो," ते म्हणाले. "पोळ्याच्या आत."

"बाकी ठीक हाय," मोरेश्वर म्हणाला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठला.

निघताना मी पैसे दिले. त्याने सगळ्यांचे घेतले, त्याच्या स्वतःच्या प्लेटचे सोडून. मला ते बरं वाटलं. त्याने फुकट खाऊ घातलं असतं तर सगळं मिटलं असं वाटलं असतं, आणि ते काही मिटलेलं नव्हतं. गणपतजींनी हात जोडले. मोरेश्वरने मान हलवली. "येजा," तो म्हणाला, आणि बसस्टॉपकडे बोट करून, "तिकडे नका बसू."

परतताना तळेगावच्या अलीकडे दिवाकरजींनी फोन लावला. "आज नाई भेटत," ते कोणाला तरी म्हणाले आणि फोन ठेवला. आर्वी मागे पडल्यावर ते पुढच्या सीटवरून, मागे न वळता म्हणाले, "स्क्रू चांगलाच हाय, बाबा. ताईनं पाह्यला."

"हाव. मी ऐकलं."

"पन त्याच्या हातात द्यायची माझी हिंमत नाई झाली."

थोड्या वेळाने गणपतजींनी माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, खुंटी आकसते म्हने. किती आकसते?"

मी त्यांना सांगितलं. लाकूड किती वाळलेलं आहे त्यावर ते अवलंबून असतं, ओलं लाकूड जास्त आकसतं. ते लक्ष देऊन ऐकत होते. नाचणगाव येईपर्यंत आम्ही खुंट्यांबद्दलच बोललो.

घरी पोचल्यावर ते ओसरीवर थांबले नाहीत. टोपी काढून खुंटाळ्याला लावली आणि शेडमध्ये गेले. रेखाताईंनी दिवाकरजींकडे पाहिलं, दिवाकरजींनी खांदे उडवले, आणि आतून लाकूड तासल्याचा आवाज येऊ लागला.

चौथ्या दिवशी माझी परतीची रेल्वे होती. सेवाग्राम राहिलं. ऑफिसात कोणी विचारलं नाही.

पोळा होऊन गेल्यावर मी दिवाकरजींना फोन केला. व्यापाऱ्याने मोठं काम दुसऱ्या कोणाला दिलं. यांच्याकडून थोड्याच गाड्या घेतल्या, खुंटीच्या, जरा जास्त भावाने. दिवाकरजींच्या आवाजात चुटपुट होती आणि त्यांनी ती लपवली नाही. "नुकसान तर झालंच जी," ते म्हणाले. घरात बोलणं सुरू झालं होतं. गणपतजी आता खुंट्या ठोकण्याआधी चुलीमागे पंधरा दिवस वाळवतात. दुसरी गाडी कारंज्याला ते स्वतः एसटीने देऊन आले, एकटेच. तिकडे जेवून आले.

"मोरेश्वर काय म्हणाला?"

"बाबा सांगत नाई," दिवाकरजी म्हणाले. "म्हनतात, वरन-भात चांगला होता."

खर्चाचं विचाराल तर चार दिवसांत रेल्वे धरून साडेबारा हजार झाले, त्यात गाडीभाडंच निम्मं. एसटीने फिरलात तर बरंच कमी होईल. पाहण्यासारखं काय आहे, या प्रश्नाला माझ्याकडे नीटसं उत्तर नाही. मला स्क्रूबद्दल आजही तेच वाटतं. तो सुरक्षित आहे, आणि पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तेच सांगेन. पण गणपतजींच्या मनातला प्रश्न वेगळा होता, आणि तो तपासायचं यंत्र आमच्याकडे नाही.

परत आल्यानंतरच्या आठवड्यात मी कारखान्यात एक जुनी फाईल मागवली. काही वर्षांपूर्वी लहान मुलांच्या सायकलींच्या ब्रेकची एक खेप कच्ची निघाली होती. आम्ही रीतसर पत्रं पाठवली, बहुतेकांनी ब्रेक बदलून नेले. ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांची नावं शेवटच्या पानावर होती, पुढे माझी सही, आणि फाईल बंद. त्या मुलांना आता त्या सायकली लहान झाल्या असतील. हे सगळं मला माहीत होतं. तरी जेवणाच्या सुट्टीत मी पहिला नंबर लावला.

लातूरच्या एका गृहस्थांनी उचलला. मी कोण, कशासाठी फोन केला, ते सांगितलं. ते म्हणाले, मुलगी कॉलेजला गेली, सायकल कधीच देऊन टाकली, शेजारच्या गावात मेहुण्याच्या पोराला. तो अजून चालवतो बहुतेक.

"त्यांचा नंबर मिळेल का?" मी विचारलं.

"थांबा," ते म्हणाले. आत कोणाला तरी हाक मारली. मी पेन उघडून थांबले, आणि त्यांनी सांगितलेला नंबर शेवटच्या पानावर, माझ्या सहीच्या खाली लिहून घेतला.